नऊ नंबरचा घोळ, अर्थात जुन्या स्पोर्ट्स कारला प्लग कसा निवडावा

दुसऱ्या वर्षाच्या व्हायवाला मला विचारलं होतं, "स्पार्क प्लगचं काम काय?" मी एका दमात "टू इग्नाइट द एअर-फ्युएल मिक्श्चर, सर" असं सांगून मोकळा झालो. सरांनीही मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. उत्तर बरोबरच होतं. पण त्या एका वाक्याच्या भरवशावर मी गेल्या सुट्टीत एका गृहस्थांचं साठ वर्षांचं इंजिन जवळजवळ जाळलं होतं! म्हणून हा लेख. आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या चाकण-तळेगावच्या कुठल्यातरी कंपनीत इंजिनाशीच खेळणार आहेत. माझी चूक वाचून एकाचं जरी पिस्टन वाचलं, तरी मॅगझिनची ही चार पानं कारणी लागली असं समजेन.

घोळ कसा झाला

सुट्टीत मी भोसरी एमआयडीसीतल्या एका गॅरेजमध्ये बिनपगारी काम करायला जात होतो. गॅरेजचे मालक सगळ्यांचे मामा. आजूबाजूला बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंगची दुकानं हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मामांकडे जुन्या गाड्यांची इंजिनं उघडायला येतात. त्या वेळी आलेली गाडी म्हणजे १९६५ सालची एमजीबी. दोन सीटची, छत उघडणारी इंग्रजी स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, पण आपल्याकडे ही गाडी रस्त्यात दिसली तर लोक मोबाईल काढून फोटो घेतात.

बॉनेट उघडल्यावर मामा हसले. म्हणाले, "अरे, ही तर अँबेसिडरची बहीण!" मला वाटलं थट्टा करतात. पण खरंच तसं आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं 'बी सिरीज' नावाचं एक इंजिन-घराणं होतं. त्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबेसिडरमध्ये वर्षानुवर्षं बसत होतं, आणि तेवढ्याच सीसीचं इंजिन १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही होतं. एमजीबीत तेच वाढवून १७९८ सीसी केलं. कॉम्प्रेशन रेशो ८.८, दोन एसयू कार्ब्युरेटर आणि ताकद ९५ हॉर्सपॉवर. टॅक्सीत शांतपणे संसार करणाऱ्या बहिणीपेक्षा ही बहीण बरीच तापट!

इंजिनाचं काम झालं, गाडी जोडून झाली, आणि मामा तीन दिवस गावच्या जत्रेला गेले. जाताना म्हणाले, "प्लग तेवढे नवे आणून लाव. पुस्तकात बघ." पुस्तक म्हणजे मालकांनी दिलेली मॅन्युअलची झेरॉक्स. त्यात लिहिलं होतं, चँपियन एन९वाय. दुकानात चँपियनचा तो प्लग मिळाला नाही. मी विचार केला, कंपनी बदलली म्हणून काय झालं, माप तेच घेऊ. दुकानदाराला सांगितलं, "१४ मिलिमीटरचे आटे, १९ मिलिमीटर लांबी, बॉशचा नऊ नंबर द्या." त्यांनी मागितलं ते दिलं. प्लग हातानं छान बसले, गाडी एका सेल्फला चालू झाली. मी स्वतःवर खूश!

मालक गाडी घेऊन लोणावळ्याला गेले, तिथून खाली खोपोलीला उतरले आणि परत बोरघाट चढून आले. संध्याकाळी त्यांचा चेहरा उतरलेला. "घाटात इंजिन टकटक करत होतं, आणि आता चावी काढली तरी दोन-चार सेकंद फुरफुरत चालूच राहतंय."

दुसऱ्या दिवशी मामा आले. त्यांनी काही न बोलता चारही प्लग खोलले आणि उन्हात धरले. टोकाची चिनीमातीची नळी खडूसारखी पांढरीफटक. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर मिठाच्या कणाएवढे बारीक चमकणारे ठिपके होते. मामांनी विचारलं, "हे काय आहे, ओळख." मला नाही ओळखता आलं. "पिस्टन आहे हा," मामा म्हणाले. "वितळून इथं चिकटलाय."

गरम प्लग, थंड प्लग

आता यात झालं काय ते समजून घेऊ. ठिणगी पाडणं हे प्लगचं अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं काम म्हणजे स्वतःचं तापमान सांभाळणं. प्लगचं टोक सतत आगीत असतं. ते साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर त्यावर बसणारी काजळी जळून जात नाही. काजळीतून वीज वाहते, त्यामुळे ठिणगी गॅपमध्ये पडायच्या ऐवजी नळीवरूनच बॉडीला उतरते आणि इंजिन मिसिंग करतं. उलट टोक ८५० च्या फार वर गेलं, ९५० च्या आसपास पोहोचलं, की ते निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवून टाकतं. यालाच प्री-इग्निशन म्हणतात. पिस्टन अजून वर चढतोय आणि वरून स्फोटाचा दाब खाली येतोय. त्यातून आणखी उष्णता, टोक आणखी लाल, मिश्रण आणखी लवकर पेटणार... असं हे दुष्टचक्र आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन तग धरतो तो केवळ त्याची उष्णता रिंगांमधून आणि सिलिंडरच्या भिंतीतून सतत बाहेर जाते म्हणून. आत येणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेपेक्षा वाढली की पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

म्हणजे प्लगचं टोक ५०० ते ८५० या पट्ट्यात राहायला हवं. सिग्नलला उभं असतानाही आणि घाट चढतानाही. प्रत्येक इंजिनात किती उष्णता तयार होते हे वेगळं, म्हणून प्लगही वेगवेगळे. आतली चिनीमातीची नळी लांब असेल तर टोकाची उष्णता बॉडीपर्यंत जायला लांबचा रस्ता पडतो आणि टोक तापलेलं राहतं. हा 'गरम' प्लग. नळी आखूड असेल तर उष्णता पटकन हेडमध्ये जाते. हा 'थंड' प्लग. शांत, कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला गरम प्लग आणि तापट, जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाला थंड प्लग, असा हा सरळ हिशोब. लग्न जमवताना बघतात तसं, दोघंही तापट असून चालत नाही!

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो मलाही होता. गरम प्लगची ठिणगी जास्त गरम किंवा जास्त जोरदार नसते. ठिणगीची ताकद ठरते कॉइलवर आणि गॅपवर. गरम-थंड हे फक्त टोकातली उष्णता किती वेगानं बाहेर जाते याबद्दल आहे.

आकड्यांची उलटी गंगा

प्लगवरच्या आकड्याला हीट रेंज म्हणतात. पण हा आकडा म्हणजे मिलिमीटर नव्हे की सगळ्या जगात एकच! प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी, एवढंच नाही तर दिशाही वेगळी.

चँपियन: आकडा मोठा म्हणजे प्लग गरम.
बॉश (आत्ताची पद्धत): आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. पण पट्टी चँपियनची नव्हे.
एनजीके: आकडा मोठा म्हणजे प्लग थंड.
डेन्सो: आकडा मोठा म्हणजे प्लग थंड.

चँपियनचा ९, बॉशचा ७, एनजीकेचा ६ आणि डेन्सोचा २० हे साधारण एकाच तापमानाचे प्लग. एमजीबीला चँपियन एन९वायसी, बॉश डब्ल्यू७डीसी किंवा एनजीके बीपी६ईएस यातला कुठलाही चालतो. मी मात्र 'नऊला नऊ' करून बॉशचा ९ लावला, म्हणजे हव्या त्या प्लगपेक्षा दोन पायऱ्या गरम. हाच ९ जर मी एनजीकेमध्ये मागितला असता तर प्लग तीन पायऱ्या थंड झाला असता. मग भोसरीच्या ट्रॅफिकमध्येच प्लग काळे होऊन गाडी बंद पडली असती. मालक वैतागले असते, पण पिस्टनला काही झालं नसतं. कुठल्याच कंपनीचा यात काही दोष नाही, प्लग आपापल्या जागी उत्तमच होते. दोष आकडा वाचणाऱ्याचा. हा धडा लक्षात ठेवा: शंका असेल तर एक पायरी थंड प्लग लावा. काळा प्लग पुसता येतो, वितळलेला पिस्टन नाही.

यात आणखी एक फाटा आहे. मामांच्या खणात 'मायको'चे जुने प्लग आहेत, अजून खोक्यात. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, जिचं नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झालं. त्या जुन्या प्लगांवर १४५, १७५, २२५ असे तीन आकडी नंबर असतात, आणि त्या पद्धतीत आकडा मोठा म्हणजे प्लग थंड! म्हणजे एकाच घराण्यात बापाचा आणि मुलाचा हिशोब उलटा. जुन्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तीन आकडी नंबर दिसला तर तो सरळ दुकानात सांगू नका. आधी तक्ता बघून आजच्या नंबरात बदलून घ्या.

आधी मापं, मग बाकीचं

हीट रेंज ही खरं तर दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे प्लग त्या भोकात नीट बसतो का?

आट्यांचा व्यास आणि लांबी. एमजीबीला १४ मिलिमीटरचे, १९ मिलिमीटर लांब आटे लागतात. पण १४ मिलिमीटरच्याच जुन्या इंजिनांपैकी पुष्कळांना १२.७ मिलिमीटर लांबीचा आखूड प्लग लागतो. लांब हेडला आखूड प्लग लावला तर ठिणगी भोकाच्या आतच पडते आणि हेडच्या उघड्या आट्यांवर कार्बन साचतो. मग पुढच्या वेळी योग्य प्लग जाता जात नाही. आखूड हेडला लांब प्लग लावला तर तो थेट पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला धडकू शकतो. कोडमध्ये ही लांबी अक्षरात लपलेली असते. एनजीकेत 'ई' म्हणजे १९ आणि 'एच' म्हणजे १२.७. चँपियनमध्ये 'एन' म्हणजे १९ आणि 'एल' म्हणजे १२.७. जुना प्लग काढून स्केलनं मोजला तर अक्षरं पाठ करायचीही गरज नाही.

बसणी. काही प्लगांना वॉशर असतो, काहींना निमुळती बसणी. एकाच्या जागी दुसरा लावला तर गॅस गळतो आणि उष्णताही नीट बाहेर जात नाही. वॉशरवाला नवा प्लग आधी हातानं टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग पान्यानं साधारण अर्धा फेरा. पहिल्यापासूनच पाना लावला तर आटे तिरके जातात. ॲल्युमिनियमचं हेड असेल तर मग हेडच गेलं.

गॅप. एमजीबीला गॅप ०.०२५ इंच, म्हणजे साधारण ०.६४ मिलिमीटर. आजच्या गाड्यांत १ मिलिमीटरच्या आसपास गॅप असतो म्हणून मी मामांना विचारलं, "मोठा गॅप, मोठी ठिणगी, मग आपणही वाढवूया का?" मामा म्हणाले, "बैल जुना, नांगर ट्रॅक्टरचा?" अर्थ असा, की जुन्या गाडीत पॉईंट आणि साधी कॉइल असते. तिचं व्होल्टेज मर्यादित. गॅप वाढला की ठिणगीला लागणारं व्होल्टेज वाढतं. सिलिंडरमधला दाब वाढला की आणखी वाढतं. त्यामुळे जागेवर उभी असताना गाडी छान चालते, आणि ॲक्सिलरेटर दाबला, म्हणजे दाब वाढला, की मिसिंग सुरू होतं. नवा प्लग खोक्यातून काढला तरी गॅप फिलर गेजनं तपासायचाच, कारण तोच प्लग अनेक गाड्यांना जातो.

साधा की इरिडियम. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक असतं. ठिणगी कमी व्होल्टेजला पडते आणि प्लग खूप टिकतो. पण कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत चोक, रिच मिश्रण आणि थोडं तेल जाळणं चालूच असतं. प्लग झिजायच्या आधी काळा होतो. मग महाग प्लगचं दीर्घायुष्य काय कामाचं? तांब्याचा गाभा असलेले साधे निकेलचे प्लग घ्यावेत आणि वेळच्या वेळी बदलावेत. रेझिस्टरचा प्लग रेडिओतली खरखर कमी करतो. गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं असेल तर ते बनवणाऱ्याची सूचना बघून तो वापरावा.

प्लग वाचायला शिका

डॉक्टर जीभ बघतात तसं मामा प्लग बघतात. मला त्यांनी शिकवलं ते असं. भाजलेल्या बिस्किटाचा फिका रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण रिच किंवा प्लग थंड. ओला, तेलकट काळा म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइडमधून तेल येतंय, इथे प्लग बदलून काही होणार नाही. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे प्लग गरम, किंवा मिश्रण लीन, किंवा टायमिंग पुढे. ठिपके दिसले तर गाडी तिथल्या तिथे थांबवायची. बघायची पद्धतही ठरलेली आहे. गाडी लोडवर चालवून, तशीच इग्निशन बंद करून, क्लच दाबून बाजूला थांबवायची आणि मग प्लग काढायचा. दहा मिनिटं जागेवर फुरफुरलेल्या गाडीचा प्लग फक्त जागेवर फुरफुरल्याचीच गोष्ट सांगतो.

पण जुन्या पुस्तकातले रंग आज जसेच्या तसे लागू होत नाहीत. ती पुस्तकं शिसं मिसळलेल्या पेट्रोलच्या काळातली आहेत. आपल्याकडे ते पेट्रोल २००० साली बंद झालं. बिनशिशाच्या पेट्रोलवर चांगला प्लगसुद्धा थोडा फिकाच दिसतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरच्या जेटला डोळे नसतात. तो पूर्वीइतकंच पेट्रोल सोडतो, म्हणून शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं लावलेलं मिश्रण साधारण सात-आठ टक्के लीन होतं. म्हणजे माझा गरम प्लग, वर लीन मिश्रण, त्यात घाट. तिघांनी मिळून तो पिस्टन भाजला. म्हणून मामांनी नुसते प्लग बदलले नाहीत. दोन्ही एसयूचे जेट थोडे खाली घेऊन मिश्रण रिच केलं, टायमिंग लाइट लावून बघितला आणि मगच नवे प्लग बसवले. प्लग हा साक्षीदार आहे. साक्षीदार बदलून गुन्हा मिटत नाही!

आपल्या पार्किंगमधली शाळा

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे एमजी? पण हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये बघा, पल्सर उभ्या आहेत. आपल्या आकुर्डीच्या बजाज ऑटोनं २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय इंजिन दिलं, म्हणजे एका सिलिंडरला दोन प्लग. दोन बाजूंनी आग लागली की प्रत्येक ज्वाळेला साधारण अर्धंच अंतर कापावं लागतं आणि मिश्रण लवकर आणि पूर्ण जळतं. हीच युक्ती आल्फा रोमिओनं १९६५ च्या जीटीए या रेसिंग गाडीत वापरली होती. २०१२ च्या पल्सर २०० एनएसमध्ये तर प्लग तीन झाले.

यातली मेख अशी की एक प्लग मेला तरी बाईक चालते. पिकअप आणि ॲव्हरेज कमी होतं, आणि आपण पेट्रोलपंपाला शिव्या देत बसतो. सर्व्हिसिंगला सगळे प्लग काढून बघा म्हणून सांगा, बदलायचे तर सगळे एकाच नंबरचे बदला, आणि काढलेले प्लग फेकण्याआधी एकदा उन्हात धरून वाचा. फुकटचं प्रॅक्टिकल आहे.

शेवटी

त्या दिवशी मामांनी कॉम्प्रेशन गेज लावला. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पाहिलं तर तिसऱ्या पिस्टनच्या कडेला थोडं खरबरीत झालं होतं, भोक नव्हतं. घाट आणखी थोडा लांब असता तर काय झालं असतं, हे मामांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मालकांना कोणी सांगायचं? मला वाटलं मामा सांभाळून घेतील, "पेट्रोल खराब होतं" वगैरे. मामा म्हणाले, "प्लग तू लावलेस ना? मग फोनही तूच लाव." मी फोन केला आणि जे झालं ते सांगितलं. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाळ, आता कुठले प्लग लावलेस ते एका कागदावर लिही आणि गाडीच्या पुस्तकात ठेव. पुढचा मेकॅनिक चुकायला नको."

तो कागद अजून त्या झेरॉक्समध्ये आहे. त्यावर कंपनी, पूर्ण कोड, गॅप आणि तारीख लिहिली आहे, आणि खाली एक ओळ: 'नुसता आकडा बघून प्लग आणू नये.' व्हायवाला मला हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला, तर आता उत्तराला जरा वेळ लागेल.